सात वाजून एकतीस मिनिटं पंधरा सेकंद

सिद्धगडाच्या पायथ्याशी एका वाडीत, फणसाच्या झाडापासून दहा-बारा पावलांवर आमचं पर्जन्यमापक उभं आहे. ३० सप्टेंबर २०२१ च्या रात्री ते नीट चालू होतं. पाऊस पडला, त्याने तो मोजला, लिहूनही ठेवला. त्या रात्रीचा साडेसातनंतरचा एकही आकडा आज आमच्याकडे नाही. तो कसा गेला, त्याचा हा तासातासाचा हिशेब.

गुरुवार, ३० सप्टेंबर, रात्री १२:५१:४०. पावणेतीस तास बाकी.

मी डोंबिवलीत झोपलो होतो. त्या क्षणी इंटरनेटवरच्या एका मधल्या दाखल्याची मुदत संपली. आर-३ हे त्याचं नाव.

दाखला म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. उत्पन्नाचा दाखला घेऊन कॉलेजात गेलं की खिडकीवरचा कारकून आपलं तोंड बघत नाही, शिक्का बघतो. तहसीलदाराचा शिक्का असला की काम पुढे सरकतं, कारण तहसीलदाराला वरून अधिकार आलेला असतो. सर्व्हरचंही तसंच. त्याच्या दाखल्यावर मधल्या संस्थेची सही, मधलीच्या दाखल्यावर वरच्या संस्थेची, आणि सगळ्यात वर एक मूळ. मुळाला कुणी दाखला देत नाही. ते आपल्या मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये, आणि आमच्यासारख्यांच्या छोट्या यंत्रात आधीपासूनच ठेवलेलं असतं. समोरून आलेली सह्यांची साखळी त्या मुळापर्यंत पोचली, तर यंत्र बोलायला तयार होतं. नाही पोचली, तर तोंड फिरवतं.

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असे दाखले फुकट देते. आमच्या डेटाबेसच्या सर्व्हरचा दाखलाही तिचाच. २०१५ च्या अखेरीस तिचं काम सगळ्यांसाठी खुलं झालं. तिचं स्वतःचं मूळ, आयएसआरजी रूट एक्स-१, तेव्हा नवं होतं आणि जुन्या मोबाइलांना ते ओळखीचं नव्हतं. म्हणून तिने आयडेनट्रस्ट कंपनीच्या जुन्या, सर्वत्र पोचलेल्या मुळाचा आधार घेतला. त्याचं नाव डीएसटी रूट सीए एक्स-३. ते ३० सप्टेंबर २००० रोजी तयार झालं होतं आणि त्याला एकवीस वर्षांची मुदत होती. मुदत संपण्याची वेळ सेकंदासकट त्या दाखल्यातच लिहिलेली होती. जगभरच्या जाणकारांनी महिनोन् महिने आधी इशारे दिले होते. आदल्या वर्षी, ३० मे २०२० रोजी, ॲडट्रस्ट नावाचं असंच एक जुनं मूळ बाद झालं आणि अनेक सेवा ठप्प झाल्या, तेही मी वाचलं होतं. पण आपल्या अंगणातल्या डब्याशी त्याचा काही संबंध असेल, हे माझ्या मनात आलं नाही.

लेट्स एन्क्रिप्टच्या आर-३ चा नवा दाखला बहुतेक सर्व्हरांनी आधीच बदलून घेतला होता. त्यामुळे या पहिल्या ठोक्याने आमच्याकडे काही हललं नाही.

सकाळी ८:३०. बावीस तास बाकी.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. मीही त्याच वेळेला मागच्या चोवीस तासांची बेरीज वहीत उतरवतो. डेटाबेसमध्ये ती असतेच, पण वहीत लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तो आठवडा पावसाचा होता. २६ तारखेला गुलाब चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं, त्याचं उरलेलं अंग महाराष्ट्रावरून सरकत गेलं आणि मराठवाड्यात मांजरेला पूर आला. आता तेच गुजरातच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरत होतं. पुढे त्याचं शाहीन झालं आणि ते ओमानला जाऊन आदळलं. अशा आठवड्यात डोंगराखालच्या एका खोऱ्यात किती पडलं, याचा आकडा सोन्याचा.

लोक विचारतात, सरकारची केंद्रं असताना तुमचा डबा कशाला? महावेध प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, हे मोठंच काम झालं. पण मंडळ म्हणजे कितीतरी गावं. सह्याद्रीच्या कड्याखाली एका खोऱ्यात ढग रिकामा होतो आणि पुढच्या खोऱ्यात नुसतं भुरभुरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७४ च्या आसपास. सपाट मुंबईत हा फरक, तर डोंगरात काय असेल?

आणि मनात माळीण होतं. सिद्धगड भीमाशंकरच्या अभयारण्यात येतो. त्याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण दरडीखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव जागेवर नाही, ही बातमी बाहेर आली ती एका एसटी चालकामुळे. माणसं मोबाइल वापरत होती, वर आकाशात उपग्रह होते, आणि खबर आणली लाल गाडीने. ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही. आमचा डबा दरड सांगू शकत नाही. पण कड्याखाली दोन दिवसांत किती पाणी मुरलं, एवढं जरी कुणाला वेळेवर कळलं, तरी वाडीतली म्हातारी माणसं आणि लेकरं रात्रीपुरती शाळेत नेता येतात.

जागा मी एका २ जानेवारीला पाहिली होती. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील १९४३ साली याच तारखेला पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दर वर्षी त्या पहाटे लोक स्मारकावर अभिवादनाला येतात. उतरताना वाडीत पाणी प्यायला थांबलो, आणि घरच्या काकूंनी अंगणाचा कोपरा दिला.

संध्याकाळी ७:१०. साडेअकरा तास बाकी.

मुलाचा मेसेज आला : "दादा, पाऊस चालू झाला."

मुलगा म्हणजे काकूंचा धाकटा, तेव्हा बारावीत. लॉकडाउनमध्ये त्याच्या ऑनलाइन शाळेसाठी घरात सिमकार्डचा राउटर आला. तो माळ्यावरच्या खिडकीत ठेवला तरच रेंज धरतो. त्याच राउटरवर आमचं यंत्र जोडलेलं.

यंत्र जवळून असं दिसतं. वर पत्र्याचं नरसाळं, त्यात पालापाचोळा अडवायला जाळी. खाली खेळण्यातल्या झोक्यासारखी दोन इवलीशी पात्रं, मध्ये आस. एका पात्रात ०.२ मिलिमीटर पावसाइतकं पाणी साठलं की ते टक् करून कलंडतं, रिकामं होतं आणि दुसरं वर येतं. झोक्याला चिकटवलेलं लोहचुंबक प्रत्येक खेपेला एका काचेच्या स्विचसमोरून जातं. तेवढ्याने झोपलेलं ईएसपी-३२, म्हणजे यंत्राचा मेंदू असलेली चिप, जागं होतं, आकडा एकाने वाढवतं आणि पुन्हा झोपतं. वीज वाचवायची तर झोप हवीच, कारण सगळा कारभार एका बॅटरीवर आणि पाटीएवढ्या सोलर प्लेटवर. दर दहा मिनिटांनी ते वायफाय चालू करून एक ओळ दूरच्या डेटाबेसला पाठवतं : वेळ, टकटकींची संख्या, बॅटरी. पोच आली तर ओळ खोडतं. नाही आली तर जपून ठेवतं.

जपून कुठे? याच प्रश्नात सगळं आहे. ईएसपी-३२ मध्ये आठ किलोबाइटची एक छोटी स्मृती असते, जी झोपेतही जागी राहते. मी न गेलेल्या ओळी तिच्यात ठेवत होतो. आठ बाइटची एक ओळ, पाचशे ओळींची जागा. म्हणजे संपर्क तुटला तरी साडेतीन दिवसांपर्यंतचा पाऊस सुखरूप. फक्त एक अट होती. वीज तोडायची नाही. वीज गेली की ती स्मृती कोरी.

७:३०. शेवटची ओळ डेटाबेसला पोचली.

७:३१:१५. अकरा तास नऊ मिनिटं बाकी.

डीएसटी रूट सीए एक्स-३ ची मुदत संपली.

जगात त्या क्षणानंतर बरंच काही अडलं. जुने मॅक, जुने आयफोन, जुनी सॉफ्टवेअर असलेले सर्व्हर एकेक करून तक्रार करू लागले. जुन्या अँड्रॉइड मोबाइलांना मात्र धक्का बसला नाही. ते मुळाची मुदत तपासतच नाहीत, हे ओळखून लेट्स एन्क्रिप्टने त्यांच्यासाठी वेगळी सोय करून ठेवली होती. आमच्या डब्यात मुदत तपासली जात होती. ईएसपी-३२ च्या नेहमीच्या मांडणीत ही तपासणी बंद असते. मी ती मुद्दाम चालू केली होती, आणि आजही म्हणेन की तेच बरोबर होतं. दाखला न बघता कुणाशीही बोलणारं यंत्र शेतावर ठेवू नये. चूक तपासणीत नव्हती. चूक ही की २०२० च्या पावसाळ्यात मी एकच मूळ प्रोग्रॅममध्ये चिकटवलं, आणि त्याची शेवटची तारीख वाचली नाही.

७:४०. यंत्र जागं झालं, वायफाय मिळालं, सर्व्हर सापडला. सर्व्हरने दाखल्यांची साखळी पुढे केली. यंत्राने ती मुळापर्यंत नेली, तारीख पाहिली, आणि बोलणं तोडलं. ओळ स्मृतीत ठेवली. झोपलं. बाहेर टक्, टक् चालूच.

रात्री ८:०५. साडेदहा तास बाकी.

जेवायच्या आधी सवयीने डेटाबेस उघडला. शेवटची ओळ साडेसातची. पावसात वाडीवर रेंज जाते, येईल थोड्या वेळात, असं म्हणून जेवायला बसलो.

जुलैत फणसाने छळलं होतं. ओल्या पानांतून वायफाय नीट जात नाही. यंत्राची दिशा बदलली तेव्हा कुठे जमलं. ऑगस्टात बॅटरीने छळलं. वायफाय चालू होताना ईएसपी-३२ एकदम जास्त वीज ओढतं, ढगाळ आठवड्यात बॅटरी तेवढं देऊ शकत नव्हती, आणि यंत्र अडकून बसायचं. तेव्हा मुलाला फोन करून "वायर काढ, परत लाव" म्हटलं की काम व्हायचं. त्या वेळी उघडीप होती, साठलेला पाऊस नव्हता. त्यामुळे वायर काढल्यावर काय पुसलं जातं, हे डोळ्यांपुढे कधी आलंच नाही. चुकीचं औषध आधी लागू पडलेलं असलं की माणूस पुन्हा तेच देतो.

९:४०. नऊ तास बाकी.

फोन लावला.

"दिवा कसा लागतोय रे?"

"लागतोय नि इझतोय, दादा. तीनदा. मग थांबतोय."

एक लुकलुक म्हणजे वायफाय नाही. दोन म्हणजे वायफाय आहे, इंटरनेट नाही. तीन म्हणजे सर्व्हरकडून पोच नाही. हा संकेत मीच ठरवलेला. म्हणजे फणस, रेंज, राउटर सगळं निर्दोष, असं यंत्र छातीठोक सांगत होतं. मला ते पटलं नाही. "रिचार्ज संपलाय का बघ," म्हटलं. त्याने त्याच वायफायवर मोबाइलमध्ये बातम्या उघडून दाखवल्या. चांगल्या उघडल्या.

इथे थांबून सांगायला हवं की "तीन" या एका खुणेत मी किती वेगवेगळी दुखणी कोंबली होती. सर्व्हरचा पत्ता न सापडणं. पत्ता सापडून दार बंद असणं. दार उघडून दाखला न पटणं. दाखला पटून डेटाबेसने ओळ नाकारणं. चार रोग, एकच ताप. यंत्रातली तयार लायब्ररीही हेच करते : दाखला पटला नाही तरी ती उणे एक हा आकडा देते आणि अर्थ सांगते, "जोडणी नाकारली". वाचणारा सर्व्हरकडे धावतो. खरं तर नाकारणारं आपलंच यंत्र असतं.

११:१०. साडेसात तास बाकी.

मी सर्व्हरकडे धावलो. लॅपटॉपवरून डेटाबेसला हाताने एक खोटी ओळ पाठवली. लगेच पोचली. ब्राउझरमध्ये पत्ता उघडला. कुलूप व्यवस्थित, काही तक्रार नाही. अर्थातच नसणार. माझ्या लॅपटॉपमध्ये नवं मूळ, आयएसआरजी रूट एक्स-१, कधीच येऊन बसलं होतं. त्या कुलपावर बोट ठेवून दाखला उघडला असता, तर साखळी दिसली असती, आणि कदाचित शंकाही आली असती. मी फक्त कुलूप पाहिलं.

मग मनात अशी मांडणी झाली : सर्व्हर ठीक, इंटरनेट ठीक, वायफाय ठीक, म्हणजे यंत्र अडकलंय. पण अडकलेलं यंत्र दर दहा मिनिटांनी नेमाने तीनदा लुकलुकेल का? तो दिवा मुलाला दिसत होता, मला ऐकू येत होतं, आणि त्याचा अर्थ दोघांच्याही हाती लागला नाही.

मुलगा म्हणाला, "आता जाऊ का बाहेर? वायर काढू?" बाहेर विजा चमकत होत्या. मी म्हटलं, "नको, सकाळी बघू." त्या रात्रीचा हा माझा एकच निर्णय बरोबर ठरला, तोही त्याच्या काळजीपोटी. पावसाच्या नोंदीचा विचार त्यात नव्हता.

पहाटे २:१०. झोप मोडली. ओळ नाही. स्मृतीत तोवर चाळीस ओळी जमल्या होत्या, आणखी चारशे साठ मावल्या असत्या.

सकाळी ६:१०. अर्धा तास बाकी.

पाऊस थांबला होता. फोनवर मागे कोंबडा आरवत होता, काकू कुणाला तरी चहा झाला म्हणून हाक मारत होत्या. मी म्हटलं, "उजाडलंय ना? झाकणाचे चार स्क्रू काढ. बॅटरीची लाल वायर काढ. दहा मोज. परत लाव."

त्याने विचारलं, "दादा, रातीचा पाऊस आत हाय ना त्याच्या? तो नाय ना जानार?"

तो बारावीतला मुलगा योग्य प्रश्न विचारत होता. मी म्हटलं, "नाही, काही होत नाही."

६:४०. शून्य.

त्याने वायर काढली. फोनवर दहा आकडे मोजले. वायर लावली.

यंत्र जागं झालं तेव्हा त्याच्या लेखी साल १९७० होतं. स्मृती कोरी. त्याने वायफाय जोडलं, वेळेच्या सर्व्हरकडून आजची तारीख घेतली, डेटाबेसच्या दाराशी गेलं, दाखला पाहिला, आणि परत फिरलं.

"दादा, परत तीनदा."

त्या क्षणी मला कळलं की आपण काय केलं.

८:३०. वहीत १ ऑक्टोबरची तारीख घातली. पुढे रेघ ओढली. शून्य लिहिता येत नव्हतं. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, आणि तो तर पडला होता. काकूंनी अंगणातला ओला चिखल, भरलेला पिंप सगळं सांगितलं. पण पिंपात पागोळीचं पाणी पडतं, त्यावरून मिलिमीटर निघत नाही.

दुपार. कल्याणहून एसटीने मुरबाड, तिथून नारिवलीच्या वाटेला लागलो. ओट्यावर लॅपटॉप ठेवला, केबल जोडली, यंत्राला सविस्तर बोलायला लावलं. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर आकडा आला : उणे ९९८४. दाखल्याची पडताळणी फसली. मग मुळाची मुदत वाचली, त्यात साडेपाच तास मिळवले, आणि भारतीय वेळ निघाली सात वाजून एकतीस मिनिटं पंधरा सेकंद. नवं मूळ चिकटवलं. पहिल्याच खेपेला ओळ पोचली. काम पंधरा मिनिटांचं होतं. आदल्या आठवड्यात केलं असतं तर त्यासाठी घाटाखाली यावंही लागलं नसतं, कारण यंत्र दुरून प्रोग्रॅम घेऊ शकतं. पण बोलणं तुटल्यावर ते दारही बंद होतं.

त्याच ओट्यावर एकाने सल्ला दिला होता, दाखल्याची तपासणीच काढून टाका, एका शब्दाचं काम आहे. खरंच एका शब्दाचं आहे, आणि पुष्कळजण तेच करतात. मी केलं नाही. उद्या त्याच खोऱ्याचा खोटा पाऊस कुणी आमच्या नावाने पाठवला, तर कुणाला कळणार?

आता प्रत्येक ओळ आधी कायमच्या स्मृतीत लिहिली जाते आणि मगच पाठवली जाते. वायर काढली तरी ती राहते. दिव्याच्या लुकलुकी तीनाच्या सहा झाल्या आहेत, आणि मुलाने त्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावल्या आहेत. झोक्यातून सांडणारं पाणी पूर्वी जमिनीत जायचं, आता ते खाली एका बरणीत पडतं. सकाळी साडेआठला काकू ती मोजनळीत ओततात. यंत्र आणि बरणी यांचे आकडे मी शेजारी शेजारी लिहितो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आपल्याकडचा आकडा किती?" मी सांगू शकलो.

तुमच्या शेतावर, विहिरीवर, बंधाऱ्यावर असं यंत्र असेल, तर त्याच्या पोटात कोणतं मूळ आहे आणि ते कधी संपतं, हे आज बघा आणि घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहा. आमच्या डब्याच्या झाकणाच्या आत न पुसणाऱ्या शाईने लिहिलंय : आयएसआरजी रूट एक्स-१, सोमवार, ४ जून २०३५, दुपारी ४ वाजून ३४ मिनिटं ३८ सेकंद. मृग लागायच्या तीन-चार दिवस आधी.